निशी-कसाईत शिकवणी सुरू केली, पण विद्यार्थी येत नाहीत

प्रश्न: पुण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. बी.एड. झालेलं आहे. यजमानांच्या आयटीतल्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही तोक्योत निशी-कसाईला आलो. मी डिपेंडंट व्हिसावर आहे. सहा महिन्यांपूर्वी घरी इंग्रजीची शिकवणी सुरू केली. वेबसाइट केली, फेसबुकवर पेज केलं, पण येतात दोनच मुली, आणि त्याही माझ्या मुलाच्या शाळेतल्या ओळखीने. जपानी मला एन-३ पर्यंत (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) येतं. तासाला १,५०० येन घेते, ते १,००० करू का? की जाहिरातीवर पैसे घालू? मी ‘नेटिव्ह’ नाही, म्हणून तर लोक येत नसतील ना?
– एक वाचक, निशी-कसाई, तोक्यो

उत्तर:

ताई, दर कमी करू नका आणि जाहिरातीवर तूर्त एक येनही घालू नका. अडचण दराची नाही. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारी एखादी आई चौथीतल्या मुलासाठी इंग्रजीची शिकवणी शोधते, तेव्हा तिला तुम्ही दिसतच नाही. चुकून दिसलात, तरी तुमच्याशी पहिला शब्द कसा बोलायचा ते तिला कळत नाही. आधी या दोन गोष्टी दुरुस्त करायच्या.

पत्रासोबत दिलेली तुमची वेबसाइट मोबाइलवर उघडून पाहिली. पान सगळं इंग्रजीत आहे. वर पुस्तकांच्या ढिगाचा विकतचा फोटो, त्याखाली ‘जागतिक दर्जाचं इंग्रजी, सर्व वयोगटांसाठी’. निशी-कसाई हे नाव सगळ्यात खाली पत्त्यात, तेही रोमन अक्षरांत. फी कुठेच नाही. संपर्काच्या फॉर्ममध्ये नाव, आडनाव, फोन, ईमेल, पत्ता असे पाच सक्तीचे रकाने. आता त्या आईच्या जागी बसून पाहा. तिला इंग्रजी येत असतं, तर ती शिकवणी शोधत कशाला फिरली असती? आणि ज्या बाईंशी अजून ओळखही नाही, त्यांना ती फोन नंबर आणि पत्ता का देईल?

पण वेबसाइटला हात लावण्याआधी व्हिसाचं काम करा. डिपेंडंट म्हणजे ‘काझोकु ताइझाई’ दर्जावर मिळणारी नेहमीची कामाची परवानगी आठवड्याला २८ तासांची असते, आणि ती कोणाकडे तरी नोकरी करण्यासाठी असते. स्वतःच्या नावाने विद्यार्थी घेणं हा स्वतंत्र व्यवसाय झाला. तिथे तास मोजणारा मालक नसतो, म्हणून अशा कामासाठी वेगळी, त्या कामापुरती परवानगी मागावी लागते. शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात किंवा योत्सुयाच्या ‘फ्रेस्क’ या परदेशी रहिवाशांच्या मदतकेंद्रात जाऊन विचारा. जाताना जपानीत एक पान लिहून न्या: काय शिकवणार, कुठे, आठवड्याला किती तास, फी किती, वर्षाचं उत्पन्न अंदाजे किती. हातात कागद असला की समोरच्यालाही नेमकं उत्तर देता येतं. दोन मुली सध्या येतच आहेत, तेव्हा हे काम या आठवड्यातच करा, आणि परवानगी हातात येईपर्यंत त्यांची शिकवणी थांबवा, नवे विद्यार्थीही घेऊ नका. विनापरवानगी काम व्हिसाच्या नूतनीकरणात आडवं येतं आणि त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना होतो.

घराचा करारही काढून वाचा. जपानमध्ये भाड्याच्या घरांचे करार बहुतेक वेळा ‘फक्त राहण्यासाठी’ असतात. घर कंपनीने घेऊन दिलेलं असेल, तर यजमानांच्या कंपनीलाही विचारावं लागेल. आठवड्यात चार-पाच मुलं येणार, पाटी लागणार नाही, संध्याकाळी सातनंतर आवाज होणार नाही असं स्पष्ट सांगितलं तर होकार मिळू शकतो. नाही मिळाला, तर विद्यार्थ्याच्या घरी जाऊन किंवा कॅफेत शिकवायचं. कॅफे निवडताना काउंटरवर विचारून घ्या, कारण काही ठिकाणी शिकवणीला मनाई असते. वॉर्डाच्या सभागृहांतही ‘फी घेऊन वर्ग’ चालतो का, हे आधीच विचारा.

मग ठरवायचं, शिकवायचं कोणाला. ‘सर्व वयोगटांसाठी’ या शब्दांनी तुमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. त्यातून ना लहान मुलाच्या आईला वाटतं की हे आपल्यासाठी आहे, ना आजोबांना. तुम्ही शाळेत शिकवलेलं आहे, तेव्हा पहिली निवड उघड आहे: प्राथमिकच्या चौथी ते सहावीची मुलं आणि एइकेनची, म्हणजे जपानमधल्या श्रेणीवार इंग्रजी परीक्षेची, तयारी. जपानमध्ये २०२० च्या एप्रिलपासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांचा विषय झाला. शिवाय तोक्योच्या सरकारी माध्यमिक शाळांत तिसऱ्या वर्षाला इसॅट-जे ही बोलण्याची परीक्षा असते. त्यामुळे काळजी पाचवीपासूनच सुरू होते. एइकेन वर्षातून तीनदा होते, साधारण जून, ऑक्टोबर आणि जानेवारीत. लहान मुलं साधारण पाचव्या श्रेणीपासून सुरुवात करून चौथी, तिसरी अशी वर चढतात, आणि तिसऱ्या श्रेणीपासून तोंडी मुलाखत असते. ही मुलाखत तुमची खरी जागा. घरी आईला ती घेता येत नाही, आणि मोठ्या क्लासमध्ये एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला फार थोडा वेळ येतो. मात्र वर्गाच्या नावात ‘एइकेन’ घालू नका, तो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ‘एइकेनची तयारी करून घेतो’ असं लिहायला हरकत नाही. खाली ट्रेडमार्क कोणाचा आहे त्याची एक ओळ टाका. जुन्या प्रश्नपत्रिकांचे फोटो ऑनलाइन चढवू नका.

आता पान. नवी मोठी वेबसाइट नको. पेराइची किंवा जिमदो यांसारख्या सेवेवर एकच जपानी पान करा, आणि ते फोनवर वाचलं जाणार हे धरूनच लिहा. बोट न सरकवता दिसणाऱ्या भागात चार गोष्टी हव्यात. पहिल्या ओळीत स्टेशन आणि चालत किती मिनिटं. दुसऱ्या ओळीत कोणासाठी: ‘प्राथमिक ४थी ते ६वी, एका वेळी जास्तीत जास्त ३ मुलं’. मग तुमचा फोटो, समोर पाहून हसणारा, खिडकीच्या उजेडात काढलेला, मागे तुमचं शिकवायचं टेबल. आणि त्याखाली लाईनचं, म्हणजे जपानमध्ये निरोपांसाठी वापरतात त्या ॲपचं, हिरवं बटण. बस.

त्याखाली आयांच्या मनातले प्रश्न त्यांच्याच क्रमाने घ्या. बाईंना जपानी येतं का? (‘रोजचं बोलणं आणि लाईनवरचे निरोप जपानीत चालतील’ असं लिहा. एन-३ ला एवढं पुरतं, आणि आईचा निम्मा ताण इथेच उतरतो.) तासाला काय होतं? पहिली दहा मिनिटं काय, मग काय, हे वेळेसकट लिहा. फी किती, साहित्याचे वेगळे किती, आणखी काही लागतं का? सायकल कुठे लावायची? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तुमच्या एदोगावा वॉर्डात आया मुलांना पुढे-मागे बसवून सायकलवरून येतात, आणि सायकल लावायला जागा नसेल तर वर्ग कितीही चांगला असो, दर आठवड्याची कटकट होते. धाकटं भावंड बरोबर आणलं तर बसता येईल का? तुफान आलं तर? आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवलं तर तास बदलून मिळेल?

मजकूर भाषांतराच्या ॲपमधून काढून तसाच चिकटवू नका. व्याकरण बरोबर असलं तरी सूर सरकारी पत्रकासारखा येतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. तुमच्या दोन विद्यार्थिनींपैकी एकीच्या आईला विचारा, किंवा वॉर्डाच्या जपानी वर्गातल्या स्वयंसेवकांना पान दाखवा. त्यांच्याकडून फक्त चुका काढून घेऊ नका. ‘हे वाचून तुम्ही मुलाला पाठवाल का? काय खटकतं?’ असं विचारा. त्याच आयांकडून वर्गाबद्दल दोन-तीन वाक्यं त्यांच्या शब्दांत मागून घ्या आणि परवानगीने ‘चौथीतल्या मुलीची आई’ एवढ्याच ओळखीने छापा. मुलांचे चेहरे मात्र नकोत, आईने हो म्हटलं तरी. हात, वही, फळ्यावरची अक्षरं यांतून वर्ग पुरेसा दिसतो.

पान तयार झालं की शोधात सापडायला हवं. जपानमध्ये शिकवणी शोधणारे लोक स्टेशनच्या नावापासून सुरुवात करतात: ‘निशी-कसाई एइकाईवा कोदोमो’ (इंग्रजी संभाषण, मुलं), ‘निशी-कसाई एइगो क्योशित्सु’ (इंग्रजीचा वर्ग), ‘कसाई एइकेन’. फोनवर जपानी कीबोर्ड लावा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, स्टेशनचं नाव आणि ‘एइगो’ टाइप करा आणि गूगल खाली काय काय सुचवतं ते लिहून घ्या. लोक खरोखर शोधतात ते शब्द हेच. त्यातले तुम्हाला लागू पडणारे पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि फोटोंच्या वर्णनात सहज बसतील तसे घाला. कसाई, मिनामी-सुनामाची, उरायासु ही तोझाई लाइनवरची शेजारची स्टेशनंही ‘येण्याचा रस्ता’ या भागात लिहा, प्रत्येकाची मिनिटं देऊन.

याहूनही महत्त्वाचं आहे ते गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशात दिसणारं कार्ड. ते फुकट आहे. घरी किंवा विद्यार्थ्याकडे समोरासमोर शिकवत असाल तरच ते चालतं. निव्वळ ऑनलाइन शिकवणीसाठी नियमाने बसत नाही. घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. २० पर्यंत भाग टाकता येतात, पण तुम्ही पाच-सहाच टाका, जिथून मूल खरंच येईल तेवढे. खात्रीसाठी गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं: रस्त्यावरून इमारतीपर्यंतची वाट, आत शिकवायचं टेबल, पुस्तकं, वर्गाच्या नावाचा एखादा कागद, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत, कुठे न थांबता. म्हणून आधी एकदा चालून सराव करा. नावाच्या रकान्यात फक्त वर्गाचं नाव. तिथे ‘निशी-कसाई स्वस्त उत्तम मुलांचं इंग्रजी’ असं कोंबलं की कार्ड निलंबित होण्याची भीती असते, आणि ते परत मिळवताना घाम फुटतो. प्रकार ‘इंग्रजी भाषेची शाळा’ निवडा, तासांच्या वेळा भरा, दहाएक फोटो टाका, आणि संकेतस्थळाच्या जागी नव्या पानाची लिंक द्या.

कार्डावर अभिप्राय हवेत. महिना-दोन महिने झालेल्या पालकांनाच क्यूआर कोड देऊन विचारा. टोपणनावाने लिहिलं तरी चालतं हे सांगा, कारण खऱ्या नावाने काही लिहायला जपानी माणूस कचरतो. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत, खाऊ, काहीही देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि मोबदला देऊन लिहवून घेतलेली, तसं न सांगता छापलेली स्तुती १ ऑक्टोबर २०२३ पासून जपानच्या कायद्यानेही बंद आहे. ओळखीतून कोणी नवं मूल आणलं तर दोघांनाही ५०० येनचं पुस्तकांचं कार्ड द्या, त्याला हरकत नाही. पण ते माणूस आणल्याबद्दल. कौतुक लिहिण्याशी त्याचा संबंध नको.

बहुतेक शिकवण्या अडतात त्या पुढच्या पायरीवर: बघणारा विचारणारा होत नाही. फॉर्म काढून टाका. एक तर तो भरायला जीवावर येतं. दुसरं म्हणजे दोकोमो, एयू अशा मोबाइल कंपन्यांच्या ईमेलवर तुमचं उत्तर पोचेलच असं नाही, कारण संगणकावरून आलेली मेल अडवणारी चाळणी तिथे बऱ्याचदा लावलेली असते. तुम्ही उत्तर दिलेलं असतं आणि ती आई म्हणते, बाईंनी कळवलंच नाही.

त्याऐवजी लाईनचं ऑफिशियल अकाउंट उघडा. तुमचं खासगी लाईन वेगळं ठेवा. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला २०० संदेश मिळतात, आणि मोजणी माणसागणिक होते: ५० जणांना एक निरोप पाठवला की ५० गेले. म्हणजे ५० जण असतील तर महिन्याला चार निरोप. एकेकाशी होणारं बोलणं आणि नव्याने जोडल्यावर आपोआप जाणारा स्वागताचा संदेश यांत धरत नाहीत, तेव्हा बरेच दिवस पैसे भरावे लागणार नाहीत.

अकाउंट उघडल्यावर लगेच दोन सेटिंग तपासा. नव्या अकाउंटवर एक तयार स्वयंचलित उत्तर बसवलेलं असतं: ‘क्षमस्व, या अकाउंटवर वैयक्तिक चौकशीला उत्तर दिलं जात नाही.’ ते बंद करून चॅट सुरू करा, नाहीतर धीर करून पहिला प्रश्न विचारणाऱ्या आईला हे उत्तर जाईल आणि ती परत फिरकणार नाही. दुसरं असं की कोणी तुम्हाला जोडलं तरी त्याने काही लिहीपर्यंत तो कोण हे तुम्हाला दिसत नाही. म्हणून स्वागताच्या संदेशात लिहायला लावणारं काहीतरी हवं. आशय असा ठेवा:

‘जोडल्याबद्दल आभार. मी निशी-कसाईत चौथी ते सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मूल कितवीत आहे एवढंच लिहिलंत, किंवा नुसता एक स्टॅम्प (स्टिकर) पाठवलात, तरी मी पुढची माहिती पाठवते. चौकशी केली म्हणजे यायलाच हवं असं नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. विचारलं तर गळ्यात पडतील, या धास्तीने कितीतरी जण विचारतच नाहीत. उत्तर त्याच दिवशी द्या, रात्री नऊनंतर नको. आणि ‘तुम्हाला कधी जमेल?’ असा मोकळा प्रश्न टाकू नका. ‘बुधवारी साडेचार, गुरुवारी पाच, शनिवारी दहा, यांपैकी कोणती वेळ सोयीची?’ असे तीन पर्याय ठेवा. निवडायला सोपं जातं, आणि ‘माफ करा, तेव्हा नाही जमणार’ असं म्हणायची वेळ कोणावर येत नाही.

ट्रायल तास, ज्याला तिथे ‘ताइकेन’ म्हणतात, त्याचे १,००० येन घ्या. फुकट ठेवलं की शनिवारचा विरंगुळा म्हणून येणारेही वाढतात, आणि आलेल्या आयांनाही उगाच उपकाराखाली आल्यासारखं होतं. पन्नास मिनिटांची मांडणी सांगते. पहिली दहा मिनिटं आईशी बोला: मूल कितवीत, आधी कुठे शिकलंय, काय आवडतं, कशाला घाबरतं. हे एका छापील कागदावर आईकडून भरून घ्या. त्याच कागदावर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा रकाना ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे. मग पंचवीस मिनिटं मुलाबरोबर, आई त्याच खोलीत बसलेली. नवं काही शिकवण्याची घाई नको. टेबलावर चित्रांची बारा कार्डं पालथी मांडा. मुलाने एक उलटायचं आणि ‘आय लाइक...’ किंवा ‘आय डोन्ट लाइक...’ म्हणायचं, मग तुम्ही उलटायचं. मूल गप्प राहिलं तर तुम्हीच बोलत राहा आणि त्याला नुसतं कार्ड उचलू द्या. चौथ्या-पाचव्या कार्डाला बहुतेक मुलं ओठ हलवतात, आणि तो क्षण आईच्या नजरेतून सुटत नाही. शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा आईशी, जपानीत: मुलाला आत्ता काय येतं, तीन महिन्यांत काय येऊ शकेल, त्यासाठी घरी रोज काय करायचं. हे एका पानावर हाताने लिहून बरोबर द्या. घरी वडिलांशी बोलताना आईच्या हातात तो कागद असतो.

लगेच निर्णय मागू नका. ‘घरी बोलून कळवते’ असं म्हणून जाणं तिथे स्वाभाविक आहे. त्या संध्याकाळी लाईनवर आभाराचा एक संदेश, त्यात मुलाने केलेली एक नेमकी चांगली गोष्ट. आठवड्याने एकदा आठवण. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे विचार करते, असं उत्तर आलं तर तो बहुतेक वेळा सौम्य नकार असतो. तो मान्य करून थांबा. नम्रपणे सोडलेली माणसं सहा महिन्यांनी परत येतात, किंवा शेजारणीला तरी पाठवतात.

आता दर. १,५०० येन हाच कमी आहे, १,००० तर संशय येण्याइतका. फिलिपिन्समधल्या शिक्षकांशी फोनवर रोज बोलायचं तर रेअरजॉबसारख्या ऑनलाइन सेवा त्याहून स्वस्तात पडतात. त्या स्पर्धेत उतरून तुम्ही जिंकणार नाही, आणि उतरायची गरजही नाही; तुमच्याकडे येणारी आई समोर बसलेली, मुलाला ओळखणारी शिक्षिका शोधते. एकट्या मुलासाठी तासाचे ३,००० येन धरा. जपानी वर्गांत वर्षाला ४४ तास ही पद्धत सोयीची पडते: एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोनचा सण, नवं वर्ष आणि महिन्यातला पाचवा आठवडा सुट्टीत जातो. ४४ गुणिले ३,००० म्हणजे १,३२,०००, त्याला १२ ने भागलं की महिन्याला ११,००० येन. दर महिन्याला हाच आकडा, सुट्ट्यांचा हिशेब नको. तिघांच्या गटात प्रत्येकी ७,५०० ठेवलेत, तर आईला स्वस्त पडतं आणि तुम्हाला त्याच तासाचे महिन्याला २२,५०० मिळतात. आधीच्या दोघींना एकदम वाढ लावू नका. नवी फी एप्रिलपासून, आणि सांगायचं दोन महिने आधी.

वर्षाचे पैसे एकरकमी मात्र घेऊ नका, करारही महिन्याचा ठेवा. सोडायचं तर एक महिना आधी कळवावं, एवढीच अट. भाषेच्या वर्गाचा करार दोन महिन्यांहून मोठा आणि साहित्य धरून रक्कम ५०,००० येनहून जास्त झाली, की जपानच्या ग्राहककायद्याचे खास नियम लागतात: ठरलेली कागदपत्रं द्यावी लागतात, आठ दिवसांत विनाकारण रद्द करण्याचा हक्क द्यावा लागतो आणि मध्येच सोडल्यास किती पैसे कापायचे यावर मर्यादा येते. नियम चांगलेच आहेत, पण एकटीने शिकवणाऱ्या बाईला तो कागदी व्याप नको. प्रवेश फी सुरुवातीला ठेवू नका. मिळालेल्या फीची आणि खर्चाच्या पावत्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. आयकराचं विवरण १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात भरायचं असतं.

फेसबुक पेज राहू द्या, पण तिथे वेळ घालवू नका. मुलांच्या आया इन्स्टाग्रामवर सापडतात. तिथे नावाच्या रकान्यात तुमच्या नावाबरोबर ‘निशी-कसाई, मुलांचं इंग्रजी’ हे जपानीत लिहा, कारण शोधात तो रकाना धरला जातो. आठवड्याला दोन पोस्ट पुरेत. आई घरी लगेच वापरू शकेल असं एकच वाक्य मोठ्या अक्षरांत, खाली त्याचा उपयोग. एइकेनच्या नोंदणीच्या काळात तारखांची आठवण. कधी आजच्या फळ्याचा फोटो. हॅशटॅग तीन-चारच, आणि स्थानिक: निशी-कसाई मामा (जपानीत मामा म्हणजे आई), एदोगावा-कु (एदोगावा वॉर्ड) असे. ‘इंग्लिश’ हा हॅशटॅग जगभरातल्या लोकांना दिसेल, आणि त्यांतलं कोणीही निशी-कसाईला येणार नाही.

शिक्षक शोधून देणाऱ्या हॅलो सेन्सेईसारख्या साइटवरही जपानी प्रोफाइल ठेवा, मात्र त्यांचे शुल्काचे आणि थेट व्यवहाराचे नियम आधी वाचा. जिमोतीवरच्या फुकट जाहिरातींतूनही चौकश्या येतात, पण तिथे इंग्रजीच्या निमित्ताने भलतीच ओळख वाढवू पाहणारे पुरुषही भेटतात. प्रौढ विद्यार्थ्याची पहिली भेट नेहमी गजबजलेल्या कॅफेत, दिवसा. घराचा नेमका पत्ता ताइकेन पक्कं झाल्यावरच, तोही मुलाच्या आईला. कुठेही फक्त आडनाव द्या. कोणाचं बोलणं खटकलं तर कारण न देता ‘सध्या जागा नाही’ म्हणा. तेवढा अधिकार तुमचा आहेच.

‘नेटिव्ह’ नसण्याबद्दल. पानावर ‘नेटिव्हसारखं’ असं काही लिहू नका. ते ज्याला हवं तो तुम्हाला निवडणार नाही, आणि ज्याला नको त्याला ते वाचून शंका येईल. ‘भारतात शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं, शिक्षणशास्त्राची पदवी’ हे ठळक लिहा. ही तुमची बाजू मजबूत आहे, विशेषतः व्याकरण समजावताना आणि परीक्षेच्या तयारीत. निशी-कसाईत भारतीय आणि इंग्रजी ही जोडी कोणाला नवी नाही. तिथल्या भारतीय शाळेत जपानी आईवडीलही मुलं घालतात. पुढे मुलांचे वर्ग भरले की दुसरं, वेगळं पान करा: भारतातल्या सहकाऱ्यांबरोबर मीटिंगा करणाऱ्या जपानी इंजिनिअरांसाठी. भारतीय उच्चार आणि वेग ऐकून समजणं ही त्यांची रोजची गरज आहे, आणि ती तुमच्याइतकी चांगली भागवणारे तिथे फार नाहीत. पण ते आत्ता नको. दोन गिऱ्हाइकं एका पानावर आली की पुन्हा ‘सर्व वयोगट’ होतं.

एक वही घाला आणि दर महिन्याला चार आकडे लिहा: गूगल कार्ड किती जणांनी पाहिलं, लाईनवर किती जोडले गेले, ताइकेन किती झाले, प्रवेश किती. कुठे गळती आहे ते त्यातून कळतं. कार्ड कोणी पाहतच नसेल, तर शब्द आणि फोटो कमी पडताहेत. पाहतात पण लाईनवर येत नाहीत, तर पानाचा वरचा भाग बदला. बहुधा फी किंवा चेहरा दिसत नसेल. लाईनवर दहा जण आले आणि ताइकेन एकच, तर तुमच्या वेळा चुकीच्या आहेत. प्राथमिकची मुलं चार ते सातमध्येच मोकळी असतात, आणि त्यांतले काही दिवस पोहण्याच्या आणि पियानोच्या वर्गांत गेलेले असतात. ताइकेन होतात पण प्रवेश नाही, तर शेवटच्या पंधरा मिनिटांचं बोलणं तपासा. तिथे मुलाबद्दल नेमकं काही सांगितलं जात नसेल. दर हा सगळ्यात शेवटचा संशयित. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि महिनाभर थांबा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

जाहिरातीचा विचार तुमच्या ताइकेनमधून निम्मे प्रवेश व्हायला लागले की करा, आणि तोही हंगाम धरून. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून मार्चचा दुसरा पंधरवडा, आणि सुट्टी संपतानाचा ऑगस्टअखेर. इन्स्टाग्रामवर स्टेशनभोवती तीन किलोमीटरच्या आत, दिवसाला ५०० येन, १४ दिवस, म्हणजे ७,००० येन. जाहिरातीत ताइकेनच्या मोकळ्या वेळा लिहा, ‘चार जागा’ असतील तर चारच म्हणा, आणि दाबल्यावर नेमकं ते जपानी पान उघडू द्या. सात दिवसांत लाईनवर एकही माणूस आलं नाही, तर उरलेले ३,५०० येन वाचवा: जाहिरात तिथेच बंद करा, आणि पानाच्या पहिल्या चार गोष्टी त्या ओळखीच्या आईबरोबर बसून पुन्हा लिहा.